मुलांचा मेंदूज्वर आणि आपला गोठा



या सदरात एरवी मी बियाणे, खते, बोंडअळी असलेच विषय घेतो. दवाखान्याचा विषय माझा नव्हे. पण गेल्या महिन्यात भंडाऱ्याकडील एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या शेजारच्या गावात मागल्या पावसाळ्यात एक मूल तापाने एका दिवसात गेले. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. गावात कोणी म्हणाले डासाने होतो, कोणी म्हणाले गोठ्यातल्या माशीने होतो. "खरे काय ते लिहा, आणि गोठ्याचे काय करायचे तेही लिहा," असे त्यांनी कळवले आहे. गोठा म्हटला की तो माझाही विषय होतो. शिवाय आता वैशाख चालू आहे. या बाबतीत जे करायचे ते पावसाच्या आधीच करायचे असते, म्हणून आज पेरणीची माहिती बाजूला ठेवून हेच लिहितो.

मेंदूज्वर म्हणजे मेंदूला येणारी सूज. ती आणणारे विषाणू अनेक आहेत. आपल्या भागात दोघांची नावे जास्त ऐकू येतात, एक जपानी मेंदूज्वर आणि दुसरा चांदीपुरा.

चांदीपुरा हे आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव. १९६५ साली त्या बाजूला तापाची साथ होती. तिचा तपास करताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. जिथे सापडला त्या गावाचे नाव त्याला दिले गेले. त्या गावकऱ्यांचा यात काही दोष नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण नाव ऐकले की लोक गावालाच बोट लावतात. पुढे बरीच वर्षे हा विषाणू फारसा कोणाच्या चर्चेत नव्हता. मग २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. त्याच हंगामात आपल्या विदर्भातही मुले गेली. २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा साथ आली. अलीकडे २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ८२ दगावले. ६४ जणांत चांदीपुरा विषाणू पक्का ठरला, आणि ते बहुतेक गुजरातचे होते. या विषाणूवर अजून लस नाही आणि त्याला मारणारे खास औषधही नाही.

२००३ साली मी विदर्भात कृषी सहायक होतो. त्या वर्षीची एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही.

आषाढ होता. कपाशी चार-सहा पानांवर आली होती. नाल्यापलीकडच्या एका वाडीत मी सकाळी नऊच्या सुमारास मोटारसायकलने गेलो. घर नेहमीचे. कुडाची भिंत, एका अंगाला गोठा, मध्ये फक्त तट्टा. घरधन्याने बाज टाकली, चहा आणला. मी विचारले, "लेकरं दिसत नाहीत आज?" तो म्हणाला, "धाकटी झोपली हाये जी. पहाटंपासून आंग तापलं, दोनदा ओकली. आता पडून हाये निपचित." मी म्हणालो, "दाखवा दवाखान्यात." तो म्हणाला, "हो, दुपारी नेतो." आणि मग मी मावा-तुडतुड्यांवर बोलत बसलो. तासभर. पाने उलटून दाखवली, शेजारचे चार शेतकरी बोलावले, त्यांनाही सांगितले. निघताना आतून आजीचा आवाज आला की पोरगी डोळे फिरवते आहे. मग धावपळ सुरू झाली. कोणी देवऋषाकडे पळाले, कोणी बैल जुंपायला गेले. मी गाडी काढली, पण आजीने अंगारा येईपर्यंत पोरीला उंबऱ्याबाहेर काढू दिले नाही. अर्धा-पाऊण तास त्यात गेला. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर होते. तिथून तालुक्याला पाठवले. चार वाजता मुलगी गेली. सहा वर्षांची होती.

आजीला मी दोष देत नाही. अंगाऱ्यात पाऊण तास गेला, आणि माझ्या तुडतुड्यांत एक तास गेला होता.

त्याच रात्री त्या वाडीतला दुसरा एक मुलगा तापला. त्याला उलटी होताच बापाने वाट पाहिली नाही. माझ्या गाडीवर मध्ये पोराला धरून आम्ही रात्री दहाला निघालो आणि तालुक्याला थांबलो नाही, सरळ जिल्ह्याला गेलो. बारा दिवसांनी तो घरी आला. आज तो स्वतःची शेती करतो. उजवे पाऊल किंचित ओढतो, एवढेच. त्या दोघांना नेमका कोणता विषाणू होता हे मी सांगू शकत नाही, आणि लवकर नेले म्हणून प्रत्येक मूल वाचतेच असेही नाही. पण त्या दिवसापासून कोणत्याही घरी गेलो आणि मूल तापाने झोपले आहे असे कळले, तर मी आधी आत जाऊन त्याला हाक मारतो.

तुम्हीही तेच करा. मूल तापात गाढ झोपले आहे की गुंगीत आहे, हे बाहेरून कळत नाही. हाक मारा, हलवा, उठून बसवा. आईला ओळखते का, पाणी मागते का, विचारलेल्याचे उत्तर देते का ते पाहा. साध्या तापातले मूल कुरकुरते, रडते, पण शुद्धीत असते. जोराचा ताप एकाएकी आला, त्याबरोबर उलट्या झाल्या, आणि मूल गळून गेले, बरळू लागले, ओळखेनासे झाले किंवा झटका आला, तर त्यानंतर घरात एक घटकाही घालवू नका. कधी जुलाबही होतात, त्यामुळे "काहीतरी बाधले असेल" असे वाटून वेळ जातो. चांदीपुऱ्यात सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी बेशुद्ध होते. पुष्कळ मुले पहिल्या एक-दोन दिवसांतच जातात. हा आजार बहुतकरून पंधरा वर्षांखालच्या मुलांना होतो, आणि लहानांना जास्त.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडातला फेस, ओकारी बोटाला फडके गुंडाळून बाहेरच्या बाहेर पुसा. दातांत चमचा घालू नका, नाकाला कांदा किंवा जोडा लावू नका, हातपाय दाबून धरू नका. शुद्ध नसताना पाणी, दूध, काढा काहीही पाजू नका, ते श्वासनळीत उतरते. ताप उतरवायला कोमट पाण्याने अंग पुसा. मूल शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तरच पॅरासिटामॉल द्या, तेही आशाताई किंवा नर्सबाई वजनाप्रमाणे सांगतील तेवढेच. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मोडून देऊ नका. पोटाला डाग देणे तर नकोच नको. त्याने विषाणू मरत नाही, फक्त लेकराचे कातडे जळते.

देवाधर्माचे ज्याचे त्याने पाहावे, त्याला माझी ना नाही. अंगारा गाडीत बसून लावता येतो. नवस वाटेतही बोलता येतो. पण त्यासाठी गाडी थांबवू नका.

आमच्या वेळी गावात आशाताई नव्हत्या आणि फोनही नव्हता. आता १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते आणि तिला पैसे लागत नाहीत. तरी पावसाळ्यात नाल्याला पूर असला की रुग्णवाहिका अलीकडे येऊ शकत नाही. म्हणून गावात कोणाची जीप, कोणाचा ट्रॅक्टर रात्री-बेरात्री निघेल हे आजच ठरवा, आणि त्याचे नाव व फोन शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा.

दवाखान्यात डॉक्टर विचारतील त्याची उत्तरे तयार ठेवा. ताप किती वाजता आला, झटका कधी आला, मूल शेवटचे कधी जेवले, कोणते औषध दिले. आणखी तीन गोष्टी न विचारता सांगा. घरात किंवा शेतात कालपरवा फवारणी झाली का, मुलाने रानातले काही खाल्ले का, कुत्रे चावले होते का. याचे कारण सांगतो. फवारणीच्या औषधाची बाधा झाली तरी मुलाला झटके येतात. त्यात लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक होतात, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. औषधाचा डबा बरोबर न्या. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षे मुले दगावत होती आणि सगळे मेंदूज्वर मेंदूज्वर म्हणत होते. शोध घेतला तेव्हा ती मुले कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती असे निघाले. कासविंदा आपल्याही बांधावर, उकिरड्यावर उगवतो. पिवळी फुले आणि टाकळ्यासारखी पाने असतात. घराजवळचा कासविंदा शेंगा धरायच्या आधी उपटून टाका. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला रात्री उपाशी झोपलेल्या मुलांनी लिचीची फळे खाल्ल्याने रक्तातली साखर उतरून मुले गेली. लिची आपल्याकडे नाही, पण सुगीच्या दिवसांत दमलेले पोर न जेवता झोपते, ते आपल्याकडेही होते. त्याला उठवून दोन घास घाला.

डॉक्टर कधी पाठीच्या मणक्यातून थोडे पाणी काढून तपासायला पाठवतात. ते काढले की पोर लुळे होते, अशी समजूत मी अनेक गावांत ऐकली. ती खोटी आहे. लुळेपण आजाराने येते, त्या सुईने नव्हे. आजार कोणता हे त्या पाण्यावरून आणि रक्तावरून कळते, आणि तुमच्या गावात फवारणी करायची की आणखी काही, हेही त्यावरूनच ठरते. सही द्या, अडवू नका. विषाणू मारणारे औषध नसले तरी डॉक्टरांच्या हातात पुष्कळ असते. झटके थांबवणे, प्राणवायू देणे, साखर सांभाळणे, मेंदूची सूज उतरवणे ही कामे वेळेत झाली तर मूल तगते.

आता गोठ्याकडे वळू. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या गावात दोन मते झाली, आणि दोन्ही खरी आहेत. जपानी मेंदूज्वर डासाने होतो, चांदीपुरा मुख्यतः माशीने.

त्या माशीला कागदोपत्री वाळूमाशी म्हणतात, इंग्रजीत सँडफ्लाय. ती वाळूत राहत नाही. तिचा रंग वाळूसारखा म्हणून हे नाव पडले. आपण तिला चिलट, मुरकुट म्हणून सोडून देतो. डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असेल. अंगावर लव असते. बसली की पंख मिटत नाही, उभे ठेवते. रात्री कंदील किंवा बॅटरी भिंतीच्या कडेने धरून पाहा, हात जवळ नेला की ती उडण्याऐवजी उड्या मारत सरकते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही.

डासाला साचलेले पाणी लागते, हिला नाही. भिंतीची भेग, गव्हाणीखालची ओलसर माती, शेणामुताने भिजलेला कोपरा, उंदराचे बीळ, पडक्या भिंतीची सांद अशा जागी ती अंडी घालते. अळी तिथलाच कुजलेला पालापाचोळा आणि शेण खाऊन वाढते. अंड्यापासून माशी व्हायला हवामानाप्रमाणे महिना ते दोन महिने लागतात. आता तुम्हीच हिशेब करा. आषाढात जी माशी लेकराला चावणार, तिची सोय तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात आज वैशाखात होते आहे. साथ आल्यावर धावून उपयोग कमी, असे मी म्हणतो ते यासाठी.

तिची दुर्बळ बाजूही आहे. ती लांब उडत नाही, उंच उडत नाही, वाऱ्यात तर तिला उडताच येत नाही. म्हणून गोठा आणि माणसांची निजायची जागा यांत जितके अंतर ठेवाल तितके चांगले. नवे घर बांधणार असाल तर गोठा वेगळा काढाच. ज्याला आज ते जमत नाही त्याने निदान मुलांचे अंथरूण गोठ्याच्या भिंतीपासून हलवावे. जमिनीवर निजणाऱ्याला ती जास्त गाठते, तेव्हा मुलांना बाजेवर निजवा. पंखा असेल तर तो मुलांच्या अंगावरून जाईल असा लावा. दिवे लागल्यावर मुलांना अंगभर कपडे घाला. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत शिरते, तरी सरकारी योजनेतून मिळणारी औषध लावलेली मच्छरदाणी असेल तर ती जरूर वापरा. आमच्याकडे त्या मच्छरदाण्या रोपवाटिकेवर टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. मिरचीची रोपे वाचतात खरी.

घराचे काम असे करा. भिंतीच्या भेगा जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत माती-भुसा, चुना किंवा सिमेंट जे परवडेल त्याने लिंपून घ्या. बिळे बुजवा. गोठ्याची जमीन खणून ओली माती काढा, मुरूम घालून धुमस करा, मुताला उतार देऊन बाहेर चर काढा. शेण रोज उचला. दारातला उकिरडा शेताच्या बांधावर न्या, नाहीतरी खत तिकडेच लागणार आहे. पडक्या भिंती, विटांचे आणि सरपणाचे जुने ढीग घराला टेकून ठेवू नका. दोन माणसांचे आठ दिवसांचे काम आहे, आणि वैशाखात हाताला तेवढी उसंत असते.

फवारणीबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण इथे चूक होते ती शेतकऱ्याच्या हातून. साथीची बातमी आली की लोक कपाशीचे औषध पंपात भरून गोठ्यात, घरात, कधी मुलांच्या अंथरुणाखालीसुद्धा मारतात. हे कदापि करू नका. शेतातले औषध उघड्या हवेत, ठराविक पिकासाठी असते. बंद घरात त्याने माणसे आणि जनावरे दोन्ही दगावू शकतात, आणि मग मुलाला झटका आला तर तो आजाराचा की औषधाचा, हे डॉक्टरांनाही चटकन ओळखता येत नाही. घरात मारायचे औषध आणि त्याचे प्रमाण वेगळे असते. ती फवारणी आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांना करू द्या. ते आले की घर उघडे करा, देवघर आणि कोठीघरसुद्धा. भांडी आणि धान्य झाकून ठेवा, आणि गोठ्याच्या भिंती आतून मारून घ्या. ही माशी खालीच असते, म्हणून सहा फुटांपर्यंतची भिंत नीट भिजली पाहिजे. गल्लीतून धुराचे यंत्र फिरले की लोकांना समाधान वाटते, पण भेगेत लपलेल्या माशीला धुराचा त्रास थोडा होतो. तिला भिंतीवरचे औषधच लागते.

आणि भगिनींनो, फवारलेली भिंत पुढे अडीच-तीन महिने सारवू नका, पोतारू नका. सणाला भिंत तशीच ठेवायची म्हणजे जिवावर येते हे मला ठाऊक आहे. माझ्या आईने ऐकले नव्हते. गौरी आल्या आणि तिने चार दिवसांत सगळे औषध शेणाखाली घातले. सारवण करायचे ते फवारणीच्या आधी करून घ्या, नंतर फक्त जमीन सारवा.

अंगाला लावायला कडुलिंबाचे तेल चालते का, असे पुष्कळ जण विचारतात. खोबरेल तेलाच्या शंभर भागांत दोन भाग कडुलिंबाचे तेल मिसळून हातापायांना लावले तर ही माशी दूर राहते, हे आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. तान्ह्या बाळाला मात्र लावू नका, आणि कोणत्याही मुलाला औषध म्हणून ते तेल पाजू नका. पोटात गेले तर त्यानेच झटके येतात.

धानपट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी जपानी मेंदूज्वराचे थोडक्यात सांगतो. त्याचा डास धानाच्या बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो. विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत असतो, तिथून डास तो माणसात आणतो. बांध्यांत पाणी सतत न ठेवता मधून मधून जमीन सुकू दिली तर डासाच्या अळ्या मरतात, आणि पाणीही वाचते. डुकरे वस्तीपासून दूर ठेवा. या मेंदूज्वराला लस आहे. ज्या जिल्ह्यांत ती ठरवून दिली आहे तिथे पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत फुकट मिळते. तुमच्या जिल्ह्यात आहे का ते नर्सबाईंना विचारा, आणि दुसरी मात्रा चुकवू नका.

गावात एक जरी असा रुग्ण झाला तर त्याच दिवशी आशाताईला आणि आरोग्य केंद्राला कळवा. लपवू नका. हा आजार मुलाला हात लावल्याने होत नाही, तेव्हा त्या घरावर बहिष्कार नको आणि जनावरे विकायचीही गरज नाही. पुढचे दोन-तीन आठवडे गावातल्या प्रत्येक तापलेल्या मुलाला सकाळी आणि रात्री कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे. आशाताई एकट्या पुरणार नाहीत. गल्लीवार चार-चार घरे वाटून घ्या, बचत गटाच्या बाया हे काम उत्तम करतात. रात्रीची फेरी विशेष महत्त्वाची, कारण दिवसभर शेतात राबलेले आईबाप रात्री थकून झोपतात आणि मूल गुंगीत गेलेले कळत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने गोठ्याचा कच्चा नकाशा काढून पाठवला आहे. गव्हाण घराच्या भिंतीला लागून आहे आणि पलीकडे मुले निजतात. बाई, गव्हाण समोरच्या कुंपणाकडे फिरवून घ्या. चार बल्ल्या आणि आहे तेच छप्पर पुरेल. पाऊस सुरू व्हायच्या आत करा आणि झाले की मला कळवा.

पुढच्या अंकात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण गोणपाटात कशी तपासायची ते सांगेन. शंभर दाणे निवडून ठेवा.